वय ३६, एडीएचडी, आणि रुटीन अकराव्या दिवशी मरतं

उतू_गेलेलं_दूध | ३ जुलै, रात्री १.१२

जुलै चालूये, क्लायंट लोकांची रिटर्नं पडलीत, सकाळी सहाला उठायचंय आणि मी रात्री एक वाजता धागा काढतेय. यावरूनच काय ते ओळखा.

नाशकात इंदिरानगरला राहते. घरून हिशेबाचं काम करते, अंबड-सातपूरच्या छोट्या छोट्या युनिटांचं जीएसटी, टीडीएस वगैरे. मागच्या डिसेंबरात एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याच्या विकाराचं, निदान झालं. म्हणजे दाखवायला नेलं होतं मुलाला, शाळेतून तक्रार होती म्हणून. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक विचारत गेल्या आणि मी मनातल्या मनात प्रत्येकाला हो हो म्हणत होते, स्वतःबद्दल. शेवटी त्यांनीच विचारलं, तुमचं शाळेत कसं होतं? आईकडून जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. तिसरी ते नववी, दर वर्षी वेगळ्या बाईंचं अक्षर आणि वाक्य एकच, 'हुशार आहे पण लक्ष नसते'.

तर मुद्दा असा की माझं कुठलंच रुटीन अकरा दिवसांच्या पुढे जात नाही. लोकांचे नव्याचे नऊ दिवस, माझे अकरा, दोन दिवस वरकड. सकाळचं चालणं, रात्री ओटा आवरून झोपणं, वेळेवर जेवण, गोळी, मुलाचं दप्तर आदल्या रात्री भरणं, काहीही घ्या. पहिले चार दिवस माझ्याइतकी शिस्तीची बाई अख्ख्या नाशकात नाही. मेनरोडवरून नवीन डायरी येते, रंगीत पेनं येतात, भिंतीवर फळा लागतो. मग एखादा पाहुणा येतो किंवा एक दिवस ताप येतो आणि सगळं बसतं ते बसतंच, परत उभं करायला तीन महिने. फळ्यावर अजून १४ फेब्रुवारीची 'आजची कामे' आहेत. त्यातलं पहिलं काम आहे 'फळा पुसणे'.

आणि संताप याचा येतो की १४ क्लायंटांची जीएसटीची महिन्याची दोन रिटर्नं, जीएसटीआर-१ अकरा तारखेच्या आत आणि ३बी वीसच्या आत जातात, आजवर एकाला लेट फी लागलेली नाही. स्वतःचं लाइट बिल मात्र दोनदा राहिलं, वायरमन दारात उभा. नवरा म्हणतो, मनावर घेतलंस की जमतं की तुला. सासूबाई म्हणतात आरंभशूर.

पहाटे पाचला उठा, ध्यान करा, २१ दिवसांत सवय लागते, हे सांगणाऱ्यांना हात जोडून नमस्कार, सगळं करून झालंय, अकरा दिवस. मला अशा लोकांकडून ऐकायचंय ज्यांचं डोकं माझ्यासारखं आहे. काय टिकलं? का टिकलं? आणि तुटल्यावर परत सुरू कसं केलंत?

---

पापड_वेगळा_द्या | ३ जुलै, रात्री १.३१

चहा ठेवून धागा उघडला. पातेलं करपलं. धागा माझ्यासाठीच आहे, वाचतोय.

---

स्केचपेन | ३ जुलै, सकाळी ९.०५

+१. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. टाइमटेबल इतकं सुंदर होतं की ते संपेपर्यंत दिवस संपतो.

---

नाना_देवळाली | ३ जुलै, सकाळी ९.४०

राग मानू नका, वडीलकीच्या नात्याने लिहितो. वय ७१. नाशिकरोडला कारखान्यात ३१ वर्षे नोकरी केली, एक दिवस उशीर नाही. भोंगा वाजायच्या आत गेटात. आमच्या वेळी ही असली इंग्रजी नावे नव्हती, वडिलांचा एक हात पाठीवर बसला की लक्ष आपोआप लागायचे. हे सगळे मोबाइलमुळे झाले आहे. आठ दिवस मोबाइल कपाटात ठेवून बघा.

---

उतू_गेलेलं_दूध | ३ जुलै, सकाळी १०.१५

नाना, मोबाइल कपाटातच होता. चार दिवस शोधत होते.

---

मनाचे_वैद्य | ३ जुलै, दुपारी २.२०

याच क्षेत्रात काम करतो, त्याहून जास्त विचारू नका. नानांच्या मोबाइलबद्दल थोडं.

लक्ष एका जागी न ठरणाऱ्या माणसांचं वर्णन अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ साली लिहून ठेवलंय. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीच्या लक्षात आलं की उत्तेजक औषध दिल्यावर अशी काही मुलं उलट शांत बसून गणितं सोडवायला लागतात. नाव बदलत गेलं, एडीएचडी हे १९८७ पासूनचं. मोठ्या माणसांकडे बघणं मात्र खरंच अलीकडचं. २०१३ च्या अमेरिकन निकषांत प्रौढांसाठी नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, पण त्रास वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसत असला पाहिजे, म्हणून तर डॉक्टर प्रगतिपुस्तकं मागतात. आणि आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळे मुलाला घेऊन आलेली आई किंवा बाप स्वतःचीच फाइल काढून घरी जातो हे आम्ही नेहमी बघतो.

धागाकर्तीच्या 'क्लायंटचं जमतं, घरचं नाही' यात काही नवल नाही. या मेंदूला बऱ्याचदा वेळा दोनच कळतात, आत्ता आणि नंतर. वीस तारीख डोक्यावर आली, चौदा माणसं फोन करतायत, म्हणजे ते 'आत्ता'. ओटा कायम 'नंतर'. महत्त्वाचं काय ते पक्कं माहीत असतं, हात मात्र हलत नाही. याला आळस म्हणणं सोपं आहे.

एक सूचना. धागा वाचून कुणी स्वतःला बिल्ला लावून घेऊ नका. थायरॉइड, बी-१२, रक्त कमी असणं, अपुरी झोप, नैराश्य, चिंता, यांनीही लक्ष उडतं. आधी ते बघून घ्या.

---

पेठेतला_भुंगा | ३ जुलै, दुपारी ३.०२

१७९८ म्हणजे इकडे दुसरा बाजीराव. सरकारवाड्यात एखादा कारकून नक्की असणार, दफ्तर कुठे ठेवलं ते शोधणारा.

---

नाना_देवळाली | ३ जुलै, दुपारी ३.३०

त्या कारकुनाला चाबूक बसत असणार. असो.

---

पंचवटी_पासधारक | ३ जुलै, रात्री १०.४८

जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

आठ वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अपडाउन केलं. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, रात्री परत. आमचा पासधारकांचा आदर्श डबा, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, आरडाओरडा नाही, पत्ते नाहीत, आपली जागा ठरलेली. या आठ वर्षांत गाडी चुकली अशी तीनदा. मला वाटायचं आपण भयंकर शिस्तीचे. बायकोलाही तसंच वाटायचं, बिचारीने लग्नच त्यावर केलं.

२०२० ला घरून काम सुरू झालं आणि दोन महिन्यांत माझा पार कचरा झाला. दुपारी तीनला दात घासायचो. मीटिंगला वर शर्ट आणि खाली कालचीच हाफपँट. नाश्ता करायचा राहिला हे संध्याकाळी हात थरथरायला लागले की कळायचं. कामाला सुरुवातच व्हायची नाही, मग रात्री दोनपर्यंत घाबरून काम, मग सकाळी उठणं नाही. बॉस म्हणाला तू बदललास. मी बदललो नव्हतो हो, गाडी गेली होती. २०२२ मध्ये निदान झालं तेव्हा डॉक्टरांना हेच सांगितलं.

म्हणजे इतकी वर्षं ते रुटीन माझं नव्हतंच, रेल्वेचं होतं. मी फक्त त्यात चढायचो.

आता टिकलेली गोष्ट सांगतो. डब्यातलाच एक मित्र, तोही आता घरून काम करतो. रोज सकाळी ६.५० ला आम्ही व्हिडिओ कॉल लावतो, 'डबा भरला' म्हणतो, आवाज बंद करतो आणि आपापली कामं करतो. तो अंथरूण काढतो, मी भांडी लावतो, दाढी करतो, डबा भरतो. बोलायचं नाही. ७.४० ला कसारा आला असं समजून पाच मिनिटं चहा आणि गप्पा. पावणेतीन वर्षं झाली, मध्ये खंड पडले, दोनदा तर महिनाभर, पण बंद नाही पडलं. दुसरं माणूस नुसतं समोर असलं की हात चालतात, का ते वैद्य सांगतील.

---

मनाचे_वैद्य | ३ जुलै, रात्री ११.२०

वैद्यालाही नेमकं सांगता येणार नाही, पण खूप पेशंट हेच सांगतात. मीसुद्धा केस पेपर नर्स समोर असल्यावरच पूर्ण करतो.

---

उतू_गेलेलं_दूध | ३ जुलै, रात्री ११.५८

'गाडी गेली होती' वाचून पाच मिनिटं नुसती बसले.

नाना, एक विचारू? तुमच्याकडे भोंगा होता, गेट होतं आणि सकाळी पाचला डबा करून देणारं कुणी होतं. ते तिन्ही काढलं तर?

---

द्राक्षवाला_पिंपळगाव | ४ जुलै, पहाटे ५.३५

मला कोणी तपासलं नाही त्यामुळं बिल्ला लावत नाही. पण ताई तुम्ही लिहिलं ते आमच्या घरात रोज चालतं.

साडेतीन एकर बाग आहे. बागेचं आजपर्यंत एक काम चुकलं नाही १९ वर्षांत. ऑक्टोबर छाटणी झाली की मागोमाग पेस्ट, म्हणजे डोळे फुटायचं औषध काडीला लावणं, ते एकदोन दिवसात झालंच पाहिजे नाहीतर डोळे सारखे फुटत नाही. मग फेलफूट म्हणजे बिनघडाच्या फुटी काढणं, मग जीएचं डिपिंग, म्हणजे घड वाढीच्या औषधात बुडवणं, घड बरोबर त्या मापाचा असतानाच, चार दिवस पुढं गेलं की माल गेला. मध्ये पाऊस झाला की डावणी रोग, रात्री बारालासुद्धा फवारणीचा ब्लोअर काढलेला आहे मी. आणि सकाळी सातला पेठ-सुरगाण्याकडची टोळी बांधावर येऊन उभी राहते. पंधरा माणसं उभी असल्यावर तुम्ही अंथरुणात पडून दाखवा.

पण घरात? पीकविम्याची शेवटची तारीख दोन वेळा गेली. सोसायटीचं पत्र तीन महिने ट्रॅक्टरच्या सीटखाली. बायकोची शुगरची गोळी आणायला पिंपळगावला गेलो आणि पाइपाचं कपलिंग घेऊन आलो, गोळी नाही. ती म्हणते बागेचं बरं लक्षात राहतं. मी तिला सांगितलं, बाग बोंबलते, कागद बोंबलत नाही.

आत्ता जुलै, काडी पिकायची वाट बघायची, टोळी नाही. हा माझा सगळ्यात वाईट काळ. दिवस कुठं जातो कळत नाही. म्हणून यंदा शेजारच्याबरोबर ठरवलं, रोज सकाळी साडेसहाला एकमेकाच्या बागेत चक्कर. त्याची बाग मी बघणार, माझी तो. दुसऱ्याच्या बागेला उशीर करायला लाज वाटते.

---

पापड_वेगळा_द्या | ४ जुलै, सकाळी ८.१०

'बाग बोंबलते, कागद बोंबलत नाही' हे फ्रिजवर लिहून लावतो. फ्रिजमध्ये गाडीची किल्ली सापडली तर तीही लावतो.

---

बादलीवाली | ४ जुलै, सकाळी ८.५२

आत्ताच घंटागाडी गेली म्हणून आठवलं. माझं साधं आहे. गोळ्यांचा डबा मी ओल्या कचऱ्याच्या बादलीच्या वरच्या फळीवर ठेवलाय. गाडीचं गाणं वाजलं की बादली घ्यायला धावावंच लागतं, नाहीतर उद्यापर्यंत घरात वास. बादली उचलताना डबा दिसतो, गोळी तोंडात, मग खाली पळायचं. अलार्म मी बंद करते आणि विसरते, हे गाणं माझ्या हातात नाही, बंदच करता येत नाही ना! सव्वा वर्ष चाललंय.

---

स्वच्छ_ओटा | ४ जुलै, सकाळी ९.३०

औषध कचऱ्याशेजारी?? ईईई.

---

बादलीवाली | ४ जुलै, सकाळी ९.३३

वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात. आधी देवघरात ठेवायचे, पवित्र होतं पण घ्यायचे नाही.

---

गंगापूर_रोडकर | ४ जुलै, सकाळी १०.२०

तुमच्याकडे वेळेवर येते म्हणून. आमच्या गल्लीत कधी नऊला कधी बाराला. या हिशोबाने माझी गोळी एकादशीला.

---

सिडकोची_सून | ४ जुलै, सकाळी १०.४४

आमच्याकडे साडेसातला ठोका. सिडकोत राहायला या.

---

गंगापूर_रोडकर | ४ जुलै, सकाळी १०.४६

पार्किंग देता का?

---

*(मध्ये सिडको विरुद्ध गंगापूर रोड असे २३ प्रतिसाद, पार्किंग, पाण्याची वेळ आणि कुठली मिसळ खरी यावर. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. विषयाला धरून लिहा ही विनंती. संपादक.)*

---

शेजारच्या_खुर्चीतला | ५ जुलै, रात्री ११.१५

दोन दिवस लिहू की नको करत होतो. माझी बायको तुमच्यातली आहे. मी नाही.

सगळे प्रतिसाद गंमतीचे आहेत, मीही हसलो. पण भोंगा म्हणजे कोण असतं हे कुणी बोललं नाही. आमच्या घरात भोंगा मी आहे. गॅस बंद केला का, पाण्याची मोटर बंद केली का, मुलीच्या वॅक्सिनची तारीख, तुझ्या आईचा वाढदिवस. ऑफिसमधून फोन करून आठवण करायची आणि वर ऐकायचं की सारखा मागे लागतोस. मागच्या वर्षी मुलगी कॉलेज रोडला क्लासच्या बाहेर चाळीस मिनिटं पावसात उभी होती. बायको घरीच होती, ऑर्डरचे केक करत होती, वेळ कळलीच नाही तिला. ती त्या रात्री इतकी रडली की मी ओरडायचं राहून गेलं आणि ते ओरडणं अजून माझ्या आतच आहे.

मला माहितीये ती मुद्दाम करत नाही. हे माहीत असल्याने दमायला होत नाही असं नाही.

काही गोष्टी बदलल्या. तोंडाने आठवण करायची नाही असं ठरलं, जे आहे ते दाराच्या आतल्या बाजूला, चप्पल घालताना नाकासमोर. रोज रोज तेच ते असलेलं काम माझ्याकडे, म्हणजे दूध, बिलं, औषधं. अचानक आलेलं तिच्याकडे. पाहुणे, दवाखाना, सोसायटीत भांडण, यात ती माझ्यापेक्षा दहापट चांगली, रात्री अडीचला माझ्या वडिलांना ॲडमिट करताना मी थंड पडलो होतो आणि तिने सगळं केलं. आणि मुलीला आणायला रिक्षावाले काका लावले, महिन्याचे पैसे गेले तर गेले. भांडणं अजून होतात.

---

उतू_गेलेलं_दूध | ६ जुलै, रात्री १२.४०

हे वाचून खूप लागलं. नवऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, हा कोण आहे, याला एकदा चहाला बोलव.

---

मधली_बहीण | ६ जुलै, दुपारी १२.०५

मला ५२ व्या वर्षी कळलं. धाकट्या भावाला पण हेच आहे, त्याच्याबद्दल घरात कौतुक, 'त्याचं डोकं मोठ्या विचारात असतं हो'. पुरुष विसरला की प्रोफेसर, बाई विसरली की संस्कार कमी. लहानपणी मी वर्गात उड्या मारत नव्हते, खिडकीतून बाहेर बघत बसायचे, त्यामुळे कुणाला त्रास नव्हता म्हणून कुणाला दिसलंही नाही. वीस वर्षं मी कुकरच्या शिट्ट्या बोटावर मोजल्या, एक बोट दुमडून ठेवायचे, तेच बोट दुमडून दार उघडायला जायचे. लोकांना वाटायचं बोटाला लागलंय.

पाळी जायच्या सुमारास सगळं दुप्पट झालं, निदान माझं तरी, तेव्हाच डॉक्टरकडे गेले.

---

ब्राह्मी_वटी | ६ जुलै, दुपारी ४.३०

गोळ्या खाऊन माणूस यंत्र होतो. ब्राह्मी, शंखपुष्पी घ्या, पहाटे रामकुंडावर स्नान करा, मन आपोआप स्थिर होईल.

---

मधली_बहीण | ६ जुलै, दुपारी ४.४१

गेले होते. टॉवेल घरी, चप्पल घाटावर.

---

पंचवटी_पासधारक | ६ जुलै, रात्री ९.१५

यंत्र वगैरे काही होत नाही, माझ्यापुरतं सांगतो. पण गोळीने भांडी घासली जात नाहीत हेही खरं. पहिल्या दिवशी घेतली आणि साडेतीन तास एकाग्र चित्ताने बसलो, २००९ पासूनच्या फोटोंची फोल्डरं लावली वर्षवार. ऑफिसचं काम शून्य. लक्ष लागतं, कशाला लागेल ते तुम्ही आधी ठरवून ठेवायचं, म्हणून मी गोळीच्या आधीच लॅपटॉपवर कामाची फाइल उघडून ठेवतो.

आणि खरी गंमत औषध मिळवण्याची. माझी गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट, उत्तेजक औषध, ते शेड्यूल एक्स या कडक नियमांच्या यादीत येतं, दोन प्रतींत प्रिस्क्रिप्शन, एक प्रत केमिस्टने दोन वर्षं जपून ठेवायची. परवाना सगळ्यांकडे नसतो त्यामुळे सगळीकडे मिळत नाही. म्हणजे ज्याला कागद सांभाळता येत नाही त्याने औषध संपायच्या आधी दरवेळी ताजा कागद, दोन प्रतींत, ठराविक दुकानात न्यायचा. हा नियम बनवणाऱ्याला विनोदबुद्धी होती. नियम चुकीचा आहे असं नाही म्हणत, औषध गैरवापर होण्यासारखं आहे, पण तरी.

---

मनाचे_वैद्य | ७ जुलै, दुपारी १.५०

सगळ्यांना तेच औषध लागतं असं नाही. ॲटोमॉक्सेटिन उत्तेजक नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि तेवढा धीर धरणं हीच अडचण, निम्मे लोक दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात. कुठलंही घ्या, नाडी आणि ब्लडप्रेशर तपासत राहायचं, भूक आणि झोप कशी आहे ते डॉक्टरला सांगायचं. ब्राह्मी घ्यायची तर घ्या, पण चालू गोळी मनाने बंद करू नका.

अवांतर: मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने पहिल्यांदा तयार केलं आणि बायकोच्या लाडक्या नावावरून, रीटावरून, त्याचं रिटालिन झालं.

---

शेजारच्या_खुर्चीतला | ७ जुलै, दुपारी २.१०

तिच्या लक्षात राहावं म्हणून असेल.

---

नाना_देवळाली | ९ जुलै, सकाळी ७.२०

धागाकर्तीने मला प्रश्न विचारला होता, भोंगा, गेट आणि डबा काढून घेतला तर. उत्तर द्यायचे टाळत होतो. निवृत्तीनंतर पहिले वर्ष मी आठवड्यातून दोनदा दाढी करत असे. हिने ओरडून ओरडून मला भाजी मंडईत पाठवायला सुरुवात केली तेव्हा गाडी रुळावर आली. तेव्हा तुमचे म्हणणे त्या मर्यादेत मान्य.

दुसरे, वैद्य साहेबांसाठी. माझा धाकटा भाऊ ६८ वर्षांचा आहे. शाळेत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात जास्त मार खाल्लेला. सात नोकऱ्या केल्या, एकही दोन वर्षांवर नाही. रेडिओ, घड्याळ, पंखा, काहीही खोलायचा, निम्म्या वस्तू जोडायच्या राहिलेल्या. त्याला आम्ही उडाणटप्पू म्हणायचो. मीही म्हणायचो. वडिलांचा हात पाठीवर बसला की लक्ष लागायचे असे मी वर लिहिले, ते माझे लागायचे. त्याचे लागत नव्हते. त्याला अजूनही औषधाच्या वेळा, बँक, काही जमत नाही, एकटा असतो, पंचवटीत. या वयात दाखवून काही उपयोग असतो का?

---

मनाचे_वैद्य | ९ जुलै, दुपारी ३.१५

असतो नाना. या वयात आधी विसरण्याचं दुसरं काही कारण नाही ना ते तपासावं लागेल, पण सुरुवात लहानपणापासून असेल तर तुमची माहिती फार उपयोगी पडेल, म्हणून तुम्ही सोबत जा. हृदय आणि ब्लडप्रेशर बघितल्याशिवाय औषधाचा विचार होणार नाही. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, आणि आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

---

नाना_देवळाली | ९ जुलै, दुपारी ३.५०

आभारी आहे.

---

उतू_गेलेलं_दूध | २२ ऑगस्ट, सकाळी ७.४४

धागा वर काढतेय.

पासधारकांच्या डब्यात मला जागा मिळालीये. आता आम्ही पाच जण आहोत, त्यात ती स्केचपेन पण आहे. ६.५० ला 'डबा भरला', मी ओटा आवरते, दप्तर भरते. गोळी बादलीवालीच्या पद्धतीने, फक्त आमच्याकडे गाणं वाजतं तेव्हा मी कधी कधी अंघोळीत असते, मग ती राहते, आठवड्यातून एकदा. लाइट बिल परस्पर खात्यातून जातं. फळा काढून मुलाला दिला, त्याने त्यावर डायनासोर काढलाय, तो मी पुसणार नाही.

अकरावा दिवस गेला. सतराव्या दिवशी गावाहून नणंद आणि मुलं आली आणि सगळं बसलं, नेहमीसारखं. फरक इतकाच की चौथ्या दिवशी ६.५१ ला मेसेज आला, 'खिडकीची सीट रिकामी आहे, रुमाल टाकून ठेवलाय'. मी नाइटीवरच कॉलला बसले. एरवी तीन महिने लागतात तिथे चार दिवस लागले. परवा परत राहिलं, काल परत बसले.

बाकी घरात काही फार चमकत नाही. कपड्यांची खुर्ची आहे तशी आहे.

---

पंचवटी_पासधारक | २२ ऑगस्ट, सकाळी ७.४६

आत्ता कसारा आलाय म्हणून लिहितेय ती. चहा घ्या, सुटेल गाडी.

---

द्राक्षवाला_पिंपळगाव | २२ ऑगस्ट, दुपारी १.१०

ताई भारी. इकडं शेजाऱ्याची बाग एकदम टकाटक, माझीपण. यंदा विमा भरला, शेजाऱ्यानं मोटारसायकलवर बसवून नेला.

---

नाना_देवळाली | २३ ऑगस्ट, सकाळी ८.३०

भाऊ तयार झाला. मंगळवारी घेऊन जातो आहे. बरोबर काय कागद न्यावे?

---

उतू_गेलेलं_दूध | २३ ऑगस्ट, सकाळी ९.१२

चालू असलेल्या औषधांची यादी, जुने रिपोर्ट, आणि शाळेचं प्रगतिपुस्तक मिळालं तर सोनं.

---

नाना_देवळाली | २३ ऑगस्ट, सकाळी ९.४०

१९६७ सालचे एक आईच्या ट्रंकेत आहे. गुरुजींनी काय शेरा मारला होता तो मला आजही पाठ आहे, घरी मोठ्याने वाचून दाखवायचे काम माझ्याकडे होते. ट्रंकेची किल्ली मात्र त्याच्याकडे आहे म्हणतो. बघू.